तळघराच्या मालकाचे सुळे

साठ वर्षांच्या माणसाला घरात अजून 'धाकटा' म्हणतात, हे ऐकून नवख्याला हसू येतं. येऊ दे. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, तो दादा आणि हा धाकटा, त्याला कोण काय करणार? घराबाहेर मात्र त्याला सगळे कवळीवाले म्हणतात. बाजारामागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खुर्ची आणि आरसा. मागच्या खोलीत मेण, प्लास्टर, गुलाबी पूड आणि एक ग्राइंडर, ज्याने चाळीस वर्षं किर्र किर्र करून त्याचे दोन्ही कान निम्मे खाऊन टाकलेत. कमी ऐकू येतं म्हणून धाकटा मोठ्याने बोलतो, आणि आपण मोठ्याने बोलतो हे त्याला अजिबात मान्य नाही.

हात मात्र असा की बोलायची सोय नाही. त्याची कवळी लावून एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी भर दुकानात अख्खं सफरचंद चावून दाखवलं होतं. फक्त एक खोड आहे. तोंडाचा ठसा घेतला, त्यातून प्लास्टरचा साचा काढला, की साच्याच्या बुडाशी तो माणसाचं पूर्ण नाव लिहितो. मग वडिलांचं नाव. मग घर नंबर. दोन भाऊ एकदम आले तर 'थोरला', 'मधला' हेसुद्धा. लोक वैतागतात. एवढी माहिती आम्ही पोलिसांनाही देत नाही, म्हणतात. धाकटा मान खाली घालून लिहीत राहतो.

आणि अशा माणसाचा सख्खा भाऊ बोळक्या तोंडाने बसलेला! लोक बोलणारच हो. दादाचे दात गेली काही वर्षं एकेक करून गेले, शेवटचा गेल्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून त्याने बाहेर पडणं सोडलं. बोलताना तोंडावर रुमाल. जेवण म्हणजे कालवलेलं, कुस्करलेलं. बिस्कीट चहात इतका वेळ धरून ठेवायचा की शेवटी ते बिस्कीट राहायचंच नाही, चमच्याने खायला लागायचं. धाकट्याने हातापाया पडून एकदा ठसा घेतला, पंधरा दिवस जीव ओतून कवळी केली, डबीत घालून वर नेऊन दिली. दादाने डबी उघडलीसुद्धा नाही.

"ठेव तुझ्याकडेच," तो रुमालाआडून म्हणाला. "माझ्या तोंडात दात टिकत नाहीत. साऱ्या दुनियेने बघितलंय ते."

धाकटा डबी खिशात घालून जिना उतरला. दादा असं का म्हणतो ते त्याला चांगलं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नाही, ते त्याचंच कर्तृत्व होतं, आणि हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

झालं होतं असं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दादा नाटकवेडा होता. आवाज तर असा की कुजबुजला तरी शेवटच्या रांगेतला माणूस मान वळवून बघायचा. एका सिनेमात त्याला भुताचं काम मिळालं. तोंडभर लेप, काळा झगा, आणि लांब सुळे. सुळे कुणी करायचे? धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा, एका कवळी करणाऱ्या उस्तादाकडे नुकता शिकायला लागलेला. तो छाती फुगवून म्हणाला, मी करतो. वरच्या दातांवर बसेल अशी पातळ पट्टी, तिला दोन सुळे, आहे काय त्यात!

त्याने दादाच्या तोंडाचा ठसा घेतला, साचा काढला, फळीवर ठेवला. उस्तादांकडे साच्याखाली फक्त आडनाव लिहायची पद्धत होती. आता त्याच फळीवर, त्याच आडनावाचा, आणखी एक साचा होता. शिकताना सरावासाठी धाकट्याने स्वतःच्या तोंडाचा काढलेला. पुढचं सांगायला हवं का? दादाचा डावा सुळा मुळातच तिरपा, धाकट्याची दातांची रांग सरळ. पट्टी दादाच्या तोंडात बसेना. दादाने अंगठ्याने दाबून दाबून बसवली, धाकट्याने केलीय म्हणजे बरोबरच असणार म्हणाला, आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. नायिकेच्या मानेशी जाऊन त्याने जबडा वासला आणि सुळे तिच्या मांडीवर पडले. पुन्हा घ्यायला रीळ शिल्लक नव्हतं. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर दादाला सुनावलं, तुझं तोंड नटाचं नाही, तुझ्या जबड्यात काही टिकत नाही. आणि तो प्रसंग तसाच पडद्यावर गेला. लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले.

दुसऱ्याच दिवशी फळी पुसताना धाकट्याच्या हातात तिरप्या सुळ्याचा साचा आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. धावत घरी गेला तो सांगायलाच, पण दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. उद्या सांगू. उद्या दादा म्हणाला, मला अभिनय जमत नाही, नाद सोडला. मग परवा सांगू. पंधरा दिवसांत दादा पाणीखात्यात मीटर वाचायला लागला, वडिलांना आनंद झाला, आणि त्या आनंदात तोंड कसं उघडायचं? साचा वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या खणात गेला. एक्केचाळीस वर्षं तो तिथेच होता. धाकटा काही वाईट माणूस नाही हो. भित्रा आहे, एवढंच.

दादाने नाटक सोडलं, पण आवाज कुठे जातो? धाकट्याची मुलगी चार वर्षांची असताना तिला पलंगाखालच्या भुताची फार भीती वाटायची. आई समजावून थकली, बाप रागावून थकला. दादा आला, पलंगाखाली वाकला आणि भुताच्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "कुणी माझी चप्पल बघितली का? डावी सापडत नाहीये." पोरगी हसून लोळायला लागली. मग रोज भुताचं काहीतरी हरवायचं. कधी चष्मा, कधी नाडी. भ्यायचं असेल तर आधी हसून घ्यावं, हे ती काकाकडून शिकली आणि कधी विसरली नाही.

आता ती वाचनालय सांभाळते आणि तिथल्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी घाबरगुंडी मंडळ भरवते. पडदे ओढायचे, भिंतीवर जुना, टुकार, रद्दड भुताचा सिनेमा लावायचा, आवाज बारीक करायचा आणि संवाद आपण बोलायचे. मंडळाचा नियम एकच. जो खरोखर दचकेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. दोन वर्षांत असं फक्त एकदा झालं होतं, तेही खिडकीतून मांजर आत उडी मारून आली म्हणून.

एका गुरुवारी मुलगी घरी जेवणाच्या टेबलावर मंडळाची पाटी रंगवत बसली होती. धाकट्याने सहज डोकावून बघितलं. 'तळघराचा मालक'.

"हा नको लावू," तो ओरडलाच. त्याच्या मते तो हळू बोलला होता.

"का हो बाबा? किती खटपट करून मिळवलाय! यात म्हणे भुताचे दात पडतात. नुसतं ऐकूनच मी अर्धा तास हसत होते. आणि ऐका ना, काकाही येतो म्हणालाय! मागच्या रांगेत नुसता बसेन म्हणाला, पण येतोय. आठ महिन्यांनी घराबाहेर पडतोय तो."

"कुठला सिनेमा ते सांगितलंस त्याला?"

"नाही, भुताचा म्हटलं फक्त. का?"

बिचारीला काय माहीत? दादाने त्या सिनेमाचा विषय घरात कधी काढू दिला नव्हता, आणि लेपाखालचा चेहरा आईलाही ओळखू आला नसता. धाकट्याने काही नाही म्हणून हात हलवला आणि त्या रात्री तो जेवला नाही.

सांगायला तीन दिवस होते. शुक्रवारी तो सूप घेऊन वर गेला, दादासमोर बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "जिन्यातला दिवा बदलायला हवा." शनिवारी पुन्हा गेला. दादा आरशासमोर दाढी करत होता. महिनोन् महिने वाढलेली दाढी! बाहेर जायचं म्हणून इस्त्रीचा सदराही खुर्चीवर ठेवला होता. तो सदरा बघून धाकट्याची दातखीळच बसली. येऊ नकोस म्हणावं, तर हा पुन्हा कायमचा खोलीत बसेल. ये म्हणावं, तर पंधरा माणसं त्याच्या तोंडावर हसतील, ज्या गोष्टीला पूर्वी हसली त्याच गोष्टीला. "सदरा चांगला आहे," एवढं बोलून तो खाली आला. मग कार्यशाळेत जाऊन त्याने खालचा खण उघडला.

रविवारी मागच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत निवृत्त नर्सबाई, तिच्या शेजारी बेकरीवाला, बाकी नेहमीची मंडळी. शेवटच्या रांगेत दादा रुमाल लावून, आणि त्याच्या बाजूला धाकटा, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पडदे ओढले गेले. भिंतीवर अक्षरं थरथरली आणि दादाचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. त्याने ओळखलं. धाकट्याने तिकडे बघायचं धाडस केलं नाही.

सिनेमा अगदी अस्सल टुकार निघाला. नायिका मेणबत्ती घेऊन तळघरात उतरायला लागली, आणि तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर विजेचं बटण स्वच्छ दिसत होतं.

"अगं बाई, बटण!" मुलगी ओरडली.

"बटण! बटण!" सगळी खोली एका सुरात ओरडली. नायिका पुढे गेली.

तळघरात धुकं पसरलं. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या भट्टीतून एवढा धूर आला असता ना, तर शेजाऱ्यांनी मला तुडवलं असतं." दोरीला बांधलेलं वटवाघूळ दोनदा एकाच बाजूने गेलं, तिसऱ्यांदा उलट दिशेने गेलं. "त्याला परतीचा रस्ता सापडला," कुणीतरी म्हणालं. शवपेटीचं झाकण उघडलं, भूत उठलं, आणि झग्याचं टोक बिजागरीत अडकलं. भुताने मोठ्या रुबाबात, मान ताठ ठेवून, दोन बोटांनी ते सोडवलं. लोक हसून हसून बेजार झाले. नर्सबाई डोळे पुसत म्हणाली, "पण गडी दिसतो कसा उभा! बघा ना, चाल बघा त्याची."

हे दादाने ऐकलं. रुमाल जरासा खाली आला.

भूत पायरीवर मटकन बसलेल्या नायिकेकडे निघालं. आणखी दोन मिनिटं. त्याने पिशवीत हात घातला, वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, दादाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. प्रत्यक्षात ते पहिल्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू गेलं.

"दादा, ते सुळे तुझ्या मापाचे नव्हते! माझ्या मापाचे होते! साचे बदलले मी! आडनाव एकच, मी दात बघितलेच नाहीत! तुझ्या जबड्यात काही दोष नव्हता रे, कधीच नव्हता! हा बघ तुझा साचा!"

मुलीने सिनेमा थांबवला. भिंतीवर भूत जबडा वासून नायिकेच्या मानेशी थबकलं. मुलीने एकदा त्या भुताकडे बघितलं, एकदा काकाकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

दादाने पुरचुंडी सोडली. भिंतीवरच्या उजेडात त्याने साच्यावरून अंगठा फिरवला. उजवीकडून सरळ, सरळ, आणि डावीकडे तो तिरपा सुळा. अंगठा तिथे थांबला.

"हा माझा," तो म्हणाला.

"हो."

"आणि तोंडात होते ते..."

"माझे."

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या दिवशी."

दादाने साचा मुठीत घट्ट धरला. "एक्केचाळीस वर्षं, गाढवा! दर वेळी दाढी करताना मी आरशात माझा जबडा बघत आलोय. यात काय कमी आहे, यात काय कमी आहे, म्हणून. आणि तू खाली बसून जगाच्या कवळ्या करत होतास?"

"चुकलो रे," धाकटा म्हणाला, आणि साठ वर्षांचा तो माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. नर्सबाईने मागे वळून न बघता आपला रुमाल हातोहात मागे पाठवला.

"रडू नकोस. मी रागावणार आहे तुझ्यावर, चांगला रागावणार आहे. पण उद्यापासून," दादा म्हणाला. त्याने साचा मांडीवर ठेवला आणि पुतणीला हाक मारली. "बाळा, लाव पुढे."

"काका, नको. दुसरा लावते."

"लाव म्हणतो ना!"

सिनेमा पुढे सरकला. जबडा वासला गेला. सुळे सुटले, हवेत गोल फिरले आणि नायिकेच्या मांडीवर पडले. नायिकेने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग भुताकडे, आणि मग आठवण झाल्यासारखी किंचाळली. एरवी छप्पर उडालं असतं. आज एकालाही हसायची हिंमत होईना. बेकरीवाला तर स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. बोळका, हवा निसटणारा, तरी तोच खर्ज, पलंगाखाली चप्पल हरवलेल्या भुताचा.

"माफ करा हं बाई. धाकट्याचे घालून आलो. माझे घरी फळीवर राहिले."

आणि मग जी काय हास्याची लाट उठली म्हणता! नर्सबाई खुर्चीवरून घसरली. मुलगी हसत होती आणि रडतही होती. "पुन्हा लाव!" दादा म्हणाला. पुन्हा सुळे पडले. "बाई, जरा उचलून देता का? वाकलं की पाठ धरते." "पुन्हा!" "मापात नाहीत हो, पण भेट आलेत, टाकून कसे द्यायचे?" सात वेळा सुळे पडले, सात वेळा भुताने नवीन सबब सांगितली. रुमाल कधीच खाली जमिनीवर पडला होता आणि दादाच्या ते लक्षातही नव्हतं. नर्सबाई ओरडली, "अहो, मानेला कसले चावताय, दंडाला चावा, शीर तिथे सापडते!" दादा म्हणाला, "आधी सापडू देत दात."

हसणं ओसरलं. दादाने धाकट्यापुढे हात पसरला.

"डबी आणलीयस?"

धाकट्याने आणली होती. गेले कित्येक महिने ती त्याच्या खिशात होती, ज्या दिवशी मागेल त्या दिवशी असावी म्हणून. दादाने डबी उघडली नाही, उलटी केली. बुडाला बारीक अक्षरात नाव होतं, वडिलांचं नाव, घर नंबर, वरचा मजला, आणि शेवटी 'दादा'.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग डबी उघडून, मागच्या भिंतीकडे तोंड करून त्याने कवळी बसवली. एकदा जबडा मिटला, उघडला. पुन्हा मिटला. धाकटा श्वास रोखून बघत होता.

दादा सावकाश वळला. धाकट्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणला. आणि मग अख्खा जबडा वासून, दातन् दात दाखवत, त्या जुन्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्याने अशी डरकाळी फोडली की धाकटा खुर्चीसकट मागे कोसळला.

कवळी जागची हलली नाही.

"दचकला! दचकला!" सगळी खोली टाळ्या पिटायला लागली. "चहा! कवळीवाल्यांचा चहा!"

दुसऱ्या दिवसापासून दादा खरंच रागावला. आठवडाभर धाकट्याशी एक शब्द बोलला नाही, आणि धाकट्याने ते मुकाट्याने सोसलं, कारण ते त्याचं देणंच होतं. पण ते पुढचं. त्या रविवारी धाकट्याने वाचनालयाच्या मोरीशेजारच्या शेगडीवर पंधरा जणांचा चहा केला. डोळ्यांना धार लागलेली, त्यात साखर दोनदा पडली. तो कप घेऊन बाहेर आला तेव्हा दादा पहिल्या रांगेत बसला होता, नर्सबाई आणि बेकरीवाल्याच्या मधोमध, पुढच्या रविवारी कुठला सिनेमा लावायचा यावर हुज्जत घालत. धाकट्याने त्याच्या हातात कप दिला आणि बशीत बिस्कीट ठेवलं.

दादाने बिस्कीट उचललं, कपाशी नेलं, आणि सवयीने बुडवता बुडवता थांबला. मग त्याने ते कोरडंच दातांखाली धरलं आणि चावलं. कडकन् आवाज झाला. निम्म्या कानांनीसुद्धा धाकट्याला तो स्पष्ट ऐकू आला.